फैजच्या पाठीवरचा पाटा

मी पोलादाचा पाटा बोलतोय. पाण्याखाली जाणाऱ्या माणसाच्या पाठीला बांधतात ना, तो. दुकानात मला बॅकप्लेट म्हणायचे. वणीला निजामुद्दीनभाईंच्या गॅरेजात आलो आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांशेजारी नुसता पाटा होऊन बसलो. नावाचं मला काही वाटत नाही. मला रडू येतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या घरातला एक मुलगा मला पाठीवर घेऊन बुडाला, आता दुसरा निघालाय, आणि मला तोंड नाही. म्हणतात ना, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. माझ्याजवळ सांगायला एकच गोष्ट आहे. तेवढी ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, मधोमध दाबून पन्हाळीसारखा खोलगट केला, पट्टे ओवायला खाचा आणि बोल्टांसाठी भोकं पाडली, कडा घासल्या, झालो तयार. माझं काम तसं सोपं आहे. माझ्या एका अंगाला माणसाची पाठ, दुसऱ्या अंगाला हवेची टाकी, आणि टाकीच्या नि माझ्यामध्ये विंग. विंग म्हणजे जाड कापडाच्या खोळीतला गोल फुगा. तिच्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. मी वजन आणि ती उचल. आमचा जोडा माणूस बघून जमवावा लागतो, पाणी बघून जमवावा लागतो. तो चुकला की मग वर येणं कठीण.

माझा पहिला मालक समुद्रात उतरायचा. अंगात जाड रबरी सूट. तो सूट इतका तरंगायचा की माझ्यासारखं वजन पाठीला नसेल तर त्याला खाली जाताच येत नसे. तिथं माझ्या जडपणाचा मान होता! त्याच्याकडून मी साकेतकडे आलो. साकेत वणीचाच, पोस्टातून रिटायर झालेल्या वामनरावांचा मुलगा. किनाऱ्यावर लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवतो.

आता फैजचं सांगतो. फैज म्हणजे निजामुद्दीनभाईंचा थोरला. वणीच्या आसपास कोळसा काढून झालेल्या खदानी पाण्यानं भरून पडल्यात. वरून पाणी कसं निवांत दिसतं, पण आत सरळ कडा तुटलेला. पोरं पोहायला उतरतात, ट्रकवाले आंघोळीला उतरतात, आणि कोणी ना कोणी राहतंच आत. मग लोक म्हणायचे, "फैजले बोलवा." गॅरेजात ट्यूबचं पंक्चर काढत बसलेला फैज हात तसेच काळे घेऊन पळायचा, दम कोंडून तळाशी जायचा आणि बुडालेल्याला घेऊन यायचा. जिवंत कधीच नाही. पण माती तरी घरच्यांच्या हाती लागायची. त्याबद्दल त्यानं कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. साकेतला हे समजलं तेव्हा त्यानं फैजला किनाऱ्यावर नेऊन टाकी लावून उतरायला शिकवलं. आणि पुढच्या दिवाळीला घरी येताना दोन प्लेटा आणि दोन विंगा घेऊन आला. यातलं तुला जमेल ते ठेव, म्हणाला.

गॅरेजातल्या बाजेवर आम्हाला मांडलं. मी पोलादाचा, शेजारी ॲल्युमिनियमची प्लेट. एक विंग लहान, एक मोठी.

"फैज, तू ही हलकी घे," साकेत म्हणाला. "आणि विंग ही मोठी. खदानीत गोडं पाणी, ते समुद्रासारखं उचलत नाही, त्यात तू जाड सूट घालत नाहीस. पोलाद जास्त होईल तुला. वरून आणखी एका माणसाला धरून आणायचं, म्हणजे उचल भरपूर पाहिजे."

फैज हलक्या प्लेटवर हात फिरवत होता. हा तीच घेणार, हे मला कळून चुकलं होतं. तेवढ्यात निजामुद्दीनभाई कापडाला हात पुसत आले. त्यांनी आम्हा दोघांना पान्यानं वाजवून पाहिलं. ट्रकचा पाटा ते असाच पारखतात, चीर गेलेला पाटा खणकत नाही. ॲल्युमिनियम ठक्क वाजलं. मी खणखणीत वाजलो.

"हे तं भगोण्यावानी वाजून राह्यलं," ते म्हणाले. "कोळशाच्या ट्रकले असा पाटा टाकला तं पह्यल्याच खड्ड्यात बसन. पोराच्या जिवाचं काम आहे साकेतभाऊ, हलकं कायले देता?"

"काका, ट्रकचं वेगळं असते, पाण्याचं वेगळं."

"आता तुम्ही मले लोखंड शिकवता काय?" निजामुद्दीनभाई हसले, आणि साकेतच्या पाठीवर थाप मारली.

विंगही त्यांनी लहानच उचलली. मोठा फुगा बुडालेल्या बाभळींच्या काट्यांत अडकेल म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून साकेतही अडखळला. आणि फैज? अब्बा एकदा बोलले की त्या घरात पुढं कोणी बोलत नाही. "अब्बा म्हणते तेच ठेवतो," म्हणाला आणि मला उचलून छातीशी धरलं. अहो, काय सांगू, मी खूश झालो! दोघांतून आपली निवड झाली की कोणाला बरं वाटत नाही?

साकेत परत गेला. मग निजामुद्दीनभाईंनी माझा कमरेचा पट्टा तपासायला घेतला. त्याला एक बक्कल असतं, अंगठ्यानं खटकी उचलली की सटकन सुटतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, खाली अडकलं तर सगळं अंगावरून टाकून वर येता यावं म्हणून, पण बापानं ते दोनदा उघडून पाहिलं.

"या अल्ला, हे तं बोट लागलं का सुटते! पाण्यात सुटलं तं?"

या माणसाची सगळी हयात ट्रकवरचा माल बांधण्यात गेलेली. सुटता कामा नये, एवढंच त्यांना ठाऊक. तापलेल्या सळईनं पट्ट्याच्या दोन्ही पदरांना भोक पाडलं, आरपार बोल्ट घातला आणि वरून लॉकनट आवळला. हा नट पान्याशिवाय हलत नाही.

"अब्बा, साकेतभाऊनं सांगतलं होतं का हे एका हातानं सुटलं पाह्यजे," फैज हळूच म्हणाला.

"सुटाले नाई बांधत बेटा, टिकाले बांधते. तू बाहेर आला का मी आहो ना खोलाले."

फैज हसला. "बरं अब्बा," म्हणाला.

आणि खरंच, फैज वर यायचा तेव्हा ते काठावर पाना घेऊन उभे असायचे. पोराला कुठं खरचटलंसुद्धा नाही ना, हे चाचपून मग नट काढायचे. अशा कित्येक खेपा नीट झाल्या. लोक म्हणायचे, निजामभाईंनी पोराला काय मजबूत सामान करून दिलं! ते ऐकून त्यांची मान ताठ व्हायची. माझीही व्हायची.

मग लखन नावाचा एकजण बुडाला. ट्रकवरचा क्लीनर, आंघोळीला उतरलेला. ऐन दुपार होती. फैज खाली उतरला, आणि त्याच्या दोराचं दुसरं टोक वर त्याचा धाकटा भाऊ रिजवान धरून होता. तळाशी लखन सापडला, पाय जुन्या तारेच्या दोरखंडात गुंतलेला. फैजनं सुरा काढून गुंता सोडवला, पण त्या ओढाताणीत सुरा गाळात गेला आणि तारेचं तुटकं टोक विंगेत घुसलं. फस्स! सगळी हवा गेली. उचल संपली, उरलो मी. फैज पाय मारायचा आणि मी त्याला परत गाळात बसवायचो. त्यानं दोराला हिसके दिले, रिजवाननं जीव खाऊन ओढलं, पण दोर मधेच बाभळीला आवळला गेला होता. रिजवान झाडच ओढत होता.

तेव्हा फैजचा हात कमरेकडे आला. साकेतनं शिकवलेलं त्याला बरोबर आठवलं. खटकी त्यानं उघडली. हो, उघडली! पण बोल्ट तसाच. त्याची बोटं त्या नटावर फिरत राहिली. किती वेळ, ते मी सांगणार नाही. मग त्यानं एक खांदा पट्ट्यातून उपसून काढला. दुसरा निघेना, कंबर पक्की धरलेली. मी पोलाद, मला वाकता येत नाही, सुटता येत नाही. त्याचं धडधडणं माझ्यात उतरत होतं आणि हळूहळू ते कमी होत गेलं. टाकीतली हवा संपली होती.

वणीत खाली उतरणारं दुसरं कोणीच नव्हतं. बाहेरगावचं पथक येईपर्यंत फैज खालीच राहिला, आणि त्याची अम्मी आयशाबी काठावर. नवरा म्हणायचा घरी चल, ती हलायची नाही. त्याला वर आणलं तेव्हा कोणीतरी विळ्यानं पट्टे कापले. निजामुद्दीनभाईंनी ते कापलेले पट्टे हातात घेतले. त्यांनी पाहिलं होतं, एका खांद्यावरचा पट्टा उतरलेला.

"खांदा ढिला पडला," ते म्हणाले. "टाकी सरकली, म्हणून गेला माहा फैज. खांद्यालेही बोल्ट पाह्यजे होता."

अरे देवा! मी तिथंच फुटलो असतो तर बरं झालं असतं.

साकेत भेटायला आला. समोर बसला आणि विचारलं, "काका, बक्कल उघडलं होतं का त्यानं?"

"बक्कल उघडंच होतं बेटा. पण आपला बोल्ट पक्का होता. जरासाही हालला नाई."

साकेतला कळलं. त्याचा चेहरा उतरला, ओठ हलले. सांग, मी म्हणत होतो, सांग रे बाबा! पण समोर तो बाप कापलेले पट्टे मांडीवर घेऊन बसला होता. तो एवढंच म्हणाला, "काका, हा सेट आता कोणी वापरू नका. मला देऊन टाका."

"फैजची निशाणी आहे. कशी देऊ?"

साकेत उठला, निघून गेला. मी बिनतोंडाचा, माझं एक सोडा. पण तो तोंड असून गप्प बसला. दया आली त्याला. त्या दयेनं आता दुसऱ्याची पाळी आणली आहे.

आज सकाळी सुखीबाई नावाची बाई गॅरेजच्या दारात येऊन बसली. "माही पोरगी खाली हाय जी," एवढंच म्हणत राहिली. बाहेरच्या पथकाला यायला उद्या होईल म्हणे. रिजवान उठला. भावाला बघून टाकी कशी लावायची तेवढं त्याला ठाऊक होतं, खाली कधी उतरला नव्हता. दोर हातात असताना भाऊ गेला तेव्हापासून तो कोणाशी धड बोलत नाही. आयशाबी दारात आडवी उभी राहिली.

"नाई! एक देला. आता दुसरा नाई देत मी."

निजामुद्दीनभाईंनी सुखीबाईकडे बघितलं. मग म्हणाले, "आयशा, आपला फैज खाली होता तवा तू काय मांगत होती? कोणीतरी उतरावं, एवढंच ना? थे बाई थेच मांगून राह्यली."

आयशाबीनं पदर तोंडात कोंबला आणि ती बाजूला झाली.  याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण माझं ऐकतो कोण?

आता आम्ही खदानीवर आहोत. विंगेला ट्रकच्या ट्यूबचं ठिगळ लावलंय. माझे पट्टे नवे कोरे आहेत, दुहेरी शिवलेले. कमरेला बोल्ट आहे, आणि दोन्ही खांद्यांनाही. निजामुद्दीनभाईंनी आत्ताच तिन्ही नट आवळले. पोराला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं आणि डोळे पुसले.

"आता नाई सुटत," ते म्हणाले. "जाय बेटा, अल्लाच्या हवाले."

निजामुद्दीनभाई, तुमच्या पाया पडतो, ते नट काढा. फैजचा खांदा ढिला नव्हता हो, तो निघू पाहत होता. मला भंगारात टाका, भट्टीत घाला, पण या पोराला माझ्यातून सोडवा. काठावर एवढी माणसं उभी आहेत, सगळी म्हणताहेत, सामान कसं मजबूत आहे बघा.

पाणी रिजवानच्या गुडघ्याला लागलंय. आयशाबी, तुम्ही तरी त्याला हाक मारा. तुमच्या हाकेला तो मागं वळेल. काहीही कारण सांगा, पण हाक मारा हो, अजून त्याचे पाय जमिनीवर आहेत.