हरभऱ्याएवढा चेहरा

"हाऊ मना नवनाथ," कोंडाबाई म्हणाली आणि तिने काउंटरवर पसरलेल्या कागदावर बोट टेकवलं. "दुसरी लाईनमा, डावीकडथून तिसरा. माले दिसस नही, पोरे सांगतस."

भास्करने चष्मा पुसला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. सिल्वासाजवळच्या राखोलीतल्या एका कारखान्याने नवी शेड सुरू करताना छापलेलं ते पत्रक होतं. वर गणपती, मधे हार घातलेले मालक आणि तळाशी तीन रांगांत उभे केलेले कामगार. दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या पोराचा चेहरा होता हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

नवनाथ मागच्या पावसाळ्यात काविळीने गेला होता. गेटपासवर त्याचा फोटो होता, पण तो पास जमा झाला आणि पुढे कुठे गेला हे कोणालाच सांगता येईना. स्टुडिओत जाऊन झकास फोटो काढू, असं त्याचं दोन दिवाळ्या नुसतं बोलणंच चाललं होतं. गावी, शिरपूरकडे, त्याच्या बापाचा हार घातलेला फोटो भिंतीवर होता आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. पोराचा फोटो हातात पडल्याशिवाय गावी जायचं नाही असं कोंडाबाईने ठरवलं होतं. तोवर ती सामरवरणीच्या चाळीत नवनाथच्या सोबत्यांसाठी भाकऱ्या थापत राहिली होती.

"पुढच्या रविवारी या," भास्कर म्हणाला. शिंपी आणि फोटोग्राफर यांच्या तोंडात हे वाक्य कायमचं वस्तीला असतं.

सिल्वासाच्या बाजारात भास्करचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागच्याच खोलीत त्याचं बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि दोरीवर वाळणारे दोन शर्ट. बायको वासंती मुलाच्या शाळेसाठी म्हणून डोंबिवलीला गेली, तेव्हा दोन वर्षांचा प्रश्न आहे असं दोघांनीही धरलं होतं. त्याला आता, एक्क्याण्णव साली, बारा वर्षं होत आली होती. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर निदान पत्रं तरी लांबलचक आली असती. दिवसभर लोक त्याच्यासमोर स्टुलावर बसत, तो त्यांच्या हनुवट्या वर करी, आणि त्यातलं एकही माणूस त्याच्याशी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलत नसे.

कोंडाबाईचं काम त्याने लगेच हाती घेतलं. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधे पितळी रिंगा घातल्या की साध्या लेन्सनेही जवळचं टिपता येतं. त्या रिंगा त्याच्याकडे होत्या. फिल्म धुतली, प्रिंट काढली, तर कागदावर करडे ठिपके आणि कडेला सगळा धुरळा. दुसऱ्या आठवड्यात लेन्सच्या तोंडावर बसवायचं जवळचं भिंग उसनं आणून पाहिलं. त्यात ठिपके तर होतेच, शिवाय नवनाथचं डोकं एका बाजूला ओघळल्यासारखं आलं.

"खरी मॅक्रो लेन्स पाहिजे," त्याने कोंडाबाईला सांगितलं. "जवळचंच बघण्यासाठी बनवलेली. मग कडेपासून कडेपर्यंत सगळं स्वच्छ."

तिला यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिने मान डोलावली आणि बाकावर बसून पदराखालची पुरचुंडी सोडली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तेव्हापासून दर रविवारी तेच. ती यायची, काम झालं का विचारायची, झालं नाही म्हटल्यावर दोघं जेवायची. ती नवनाथचं सांगायची. तो गायीला घाबरायचा, पण विहिरीत वरून उडी टाकायचा. पहिल्या पगारात त्याने आईला स्वेटर घेतला, तोही वैशाखात. भास्कर हसायचा, आणि त्याचा मुलगा स्वप्नील लहानपणी कसा झोपेत बोलायचा ते सांगायचा. रविवार आला की तो सकाळी दाढी करू लागला होता. ही गोष्ट त्याच्या स्वतःच्याही उशिराच लक्षात आली.

लेन्ससाठी तो मुंबईला, फोर्टातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला. नवी घेण्याची बातच नव्हती. म्हाताऱ्या दुकानदाराने काळ्या कापडावर तीन जपानी लेन्सा मांडल्या, तिन्ही हाताने फोकस करायच्या. पहिली शंभर मिलिमीटरची. ती लांबूनही जवळचं टिपे, फुलपाखरू उडून जाऊ नये म्हणून तिची ख्याती. भास्करचा विषय कुठे उडून जाणार नव्हता, तेव्हा त्या लांबीची किंमत कशाला मोजायची? दुसरी स्वस्त होती, पण बॅटरीच्या उजेडात धरली तर काचेच्या आत बुरशीचं जाळं दिसलं. तिसरी पन्नास मिलिमीटरची. अंगावर चरे, फोकसची रिंग जड, पण काच पाण्यासारखी नितळ. भास्करने ती कॅमेऱ्याला लावली, खिशातलं पत्रक भिंतीला टेकवलं आणि पाहिलं. कोपऱ्यातला छापखान्याचा पत्तासुद्धा वाचता येत होता.

"किडे काढणार का फुलं?" दुकानदाराने मोडक्या मराठीत विचारलं.

भास्करने चेहरा म्हटल्यावर म्हातारा हसला आणि चेहऱ्याला ही कशाला, म्हणाला. मग त्याने पत्रक पाहिलं. हसणं थांबवून म्हणाला, "बघा हां. ही लेन्स तोंड बनवत नाय. कागदावर हाय तेवढंच दाखवते."

भास्करने ती घेतली. दुकानाची पाटी यंदा रंगवायची होती, ती पुढल्या वर्षावर गेली.

म्हाताऱ्याचं बोलणं किती खरं होतं ते पहिल्याच फिल्मवर कळलं. प्रत्येक ठिपका काळ्या मण्यासारखा गोल, रेखीव. कागदाचे तंतू दिसत होते, शाई कुठे फुटली ते दिसत होतं. दिसत नव्हता तो नवनाथ. छापलेल्या कागदावर नवनाथ नव्हताच, ठिपकेच होते. लेन्स जितकी चांगली तितका तो पोरगा लांब गेला होता. भास्कर इतका खचला की त्या संध्याकाळी त्याने पासपोर्ट फोटोचं एक गिऱ्हाईकही परत पाठवलं.

बुधवारी दुपारी, शटर अर्धं ओढून, तो पुन्हा पत्रकावर वाकला. डोळे चुरचुरत होते. फोकस लावता लावता ती जड रिंग हाताखाली सरकली, केसभर पुढे गेली. ठिपक्यांच्या कडा विरघळल्या, ठिपके एकमेकांत मिसळले, आणि समोर एक पोरगा उभा राहिला. किंचित हसणारा, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे भुवया आवळलेला. भास्करने रिंग मागे घेतली. ठिपके. पुढे नेली. पोरगा. तीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्याने स्वतःला फैलावर घेतलं होतं, ती फोकसची चूक मुद्दाम करायची होती, आणि तीही मापात. श्वास रोखून त्याने सहा फोटो घेतले. डार्करूमच्या लाल उजेडात ट्रेमधे तो चेहरा हळूहळू वर आला, तेव्हा भास्करचे डोळे भरून आले.

शुक्रवारी फ्रेमही झाली. आणि शुक्रवारीच त्याला कळून चुकलं की फोटो दिला की रविवार संपले. त्याने फ्रेम मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवली. अजून एक हात फिरवायचा आहे, असं म्हणता येईल. कोणाचं काय बिघडणार होतं? दोन-तीन रविवार तर पाहिजेत, एवढंच तो स्वतःला म्हणाला. स्वतःचीच त्याला लाज वाटली, पण वाक्य त्याने तयार ठेवलं.

"काम व्हयनं का, भाऊ?" रविवारी कोंडाबाईने बाकावर टेकत विचारलं.

"थोडं राहिलंय. पुढच्या रविवारी नक्की."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. घाई करू नका, नीट होऊ द्या, एवढंच ती म्हणाली आणि पुरचुंडी सोडू लागली. भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. मग स्वतःचा तुकडा तसाच धरून खाली पाहत बसली.

"एक सांगू का, भाऊ? कोनले सांगेल नही." तिने तुकडा पुरचुंडीवर ठेवला. "माले आते त्यानं तोंड याद येस नही. आवाज याद येस. डोया मिट्या का तोंडनी जागा कोरी दिसस. आई शे मी, आणि माले याद येस नही."

भास्करने भाकरी खाली ठेवली. आत गेला, फ्रेम उचलली, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि बाहेर आणून तिच्या मांडीवर ठेवली. आपण खोटं बोललो हे तिला सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ती ऐकण्यापलीकडे गेली होती. तिने फ्रेम हातभर लांब धरली. रस्त्यावरून दोन ट्रक गेले.

"हाऊच," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी भास्करने कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि तो स्टँडवर गेला. वापीपर्यंत बस, तिथून रेल्वेने सुरतेवरून तिच्या गावाकडे. त्याने तिचं गाठोडं वर चढवलं. फ्रेम कागदात गुंडाळून देतो म्हणाला तर तिने नको म्हटलं. खिडकीशी बसून तिने ती मांडीवर उभी धरली, चेहरा बाहेरच्या बाजूला. घरी जातोय, त्याला रस्ता दिसू दे, म्हणाली. फ्रेममागे ती स्वतः जवळजवळ झाकूनच गेली होती.

बस हलली. वळणावर भास्करला खिडकीत नवनाथ दिसला. एवढ्या अंतरावरून तो अगदी स्वच्छ दिसत होता, भुवया आवळून बाहेर बघणारा.

धूळ बसली तरी तो तिथेच उभा होता. मागे दुसरी बस लागली. कंडक्टरने वापी का, म्हणून विचारलं.

"नाही," भास्कर म्हणाला. "आमच्या घरची माणसं होती. सोडायला आलो होतो."