मुकादमाच्या कुशीवरचा गोंद

कातडी थरथरत होती, पण केसांचा गठ्ठा हलत नव्हता. मुकादमाच्या डाव्या कुशीवर तळहाताएवढी जागा अशी झाली होती आणि मान वळवून तो नेमकी तीच चाटायला बघत होता.

मुकादम म्हणजे आमचा बोका. बाबा सुतार. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं आणि हा तिथे बसून देखरेख करतो, म्हणून हे नाव. रबरी गोंद दोन्ही फळ्यांना लावायचा, बोट लावल्यावर चिकट तार येईनाशी झाली की मग फळ्या एकमेकींवर दाबायच्या. मधल्या वेळात दार ओढून घ्यायचं असतं. आज ते राहिलं आणि मुकादम ओल्या फळीवर आडवा झाला.

त्या खोलीतलं काम बंद करा, असं आई आणि मी वर्षभर सांगत होतो. घरात वास कोंडतो, आईला दम लागतो. बाबा म्हणायचे, कसला वास? आणि मग, बघू.

मी मुकादमाला टॉवेलात गुंडाळून कूस तेवढी उघडी ठेवली. आईने त्याची मान हलकेच धरली. ओढायचं नाही, पाणी लावायचं नाही. आधी खायच्या तेलाने गोंद मऊ करायचा, साबण शेवटी. मी तेल मागितलं. बाबा मघापासून दारापर्यंत जात होते, परत येत होते. मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तुझ्या प्रयोगशाळेत नेऊन धू त्याला, असं पुटपुटत त्यांनी मांडणीवरची बाटली उचलली, नाकाशी धरली, तळहातावर ओतली आणि हात बोक्याकडे नेला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, हे थिनर आहे, तेल नाही."

"हुंगून घेतलंय मी."

"कातडी भाजली असती त्याची. चाटलं असतं तर गेलाच असता."

ते तळहाताकडे बघत राहिले. हात गार पडत होता आणि ओल आपोआप उडून जात होती. तेल असं उडत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आईने खिडकी उघडली. नाक काय फक्त चष्मा टेकवायला ठेवलंय का, असं म्हणाली खरी, पण आवाज नेहमीचा नव्हता. कधीपासून, असं तिने विचारलं. गेल्या वर्षीच्या सर्दीपासून, बाबा म्हणाले. चहासुद्धा नुसता गरम लागतो.

हात साबणाने धुऊन ते बोक्याला धरायला बसले आणि आईने स्वयंपाकघरातून तेल आणलं. मी चोळत राहिले. गोंदाच्या गोळ्या सुटून बोटांवर येऊ लागल्या. कातडीलगतची एक गाठ मात्र सुटेना. तिच्याखाली कंगवा सरकवून मी बोथट टोकाच्या कात्रीने वरचे केस कापले. मुकादम गुरगुरला, टॉवेलात पाय मारत राहिला.

"अहो, नीट धरा," आई म्हणाली आणि तिला खोकला आला.

बाबांनी तो संपेपर्यंत वाट पाहिली.

"ही खोली बंद करतो," ते म्हणाले. "हातातलं कपाट बाहेर अंगणात पुरं करीन. नवं काम घेणार नाही."