बहिरी टोपी आणि बोटभर तेल

“तेलापासून जप गं बाई, नाहीतर बहिरी होशील,” असं ताईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला इतके कान! त्यातले दोन-चार गेले तर काय बिघडतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उन्हाची नाही, थंडीचीही नाही. माझं कापड ताणणारं आहे आणि अंगभर धातूच्या चकत्या बसवल्या आहेत. तेच माझे कान. माणसाने हात हलवायचं मनात आणलं, की मेंदूत विजेची बारीकशी लहर उठते. हात लुळा पडला तरी उठते. मी ती ऐकून संगणकाला सांगते आणि तो एक यांत्रिक हातमोजा मिटवतो. मोज्यातला हातही मग मिटतो. मला डोक्यावर चढवायचं आणि प्रत्येक चकतीखाली गार मलम भरायचं, हे काम ताईंचं. त्या या रुग्णालयातल्या तंत्रज्ञ.

पुष्कळ डोकी पाहिली मी. कौतुकही झालं. पण एक डोकं विसरता येत नाही. ते एका तरुण आईचं होतं. अपघाताने तिचं मानेखालचं अंग निकामी झालं होतं. तिला एकच हवं होतं, आपल्या लहानग्या लेकीचं, छकुलीचं, बोट धरायचं.

नेमक्या ताई रजेवर गेल्या. बदलीवर आलेल्या दादांनी मला घाईघाईत चढवलं. पडद्यावरचे दिवे हिरवे व्हायचे ते पिवळेच राहिले. “चालतंय!” दादा म्हणाले.

“मूठ मिटा.”

मोजा ढिम्म.

“मिटतेय हो. खरंच मिटतेय,” ती म्हणायची.

रोज हेच. डॉक्टर मान हलवायचे. “इच्छाच उमटत नाहीये. उद्या शेवटचं बघू, नाहीतर मोजा दुसऱ्या रुग्णाला द्यावा लागेल.” मलाही वाटलं, हीच गप्प आहे. त्या दिवशी तिने आपल्या आईला हळूच विचारलं, “आई, मूठ कशी मिटतात, तेच विसरले का गं मी?”

दुसऱ्या दिवशी ताई परतल्या. मला चढवताना त्यांची बोटं सटकली. त्यांनी ती हुंगली आणि त्या तिच्या आईकडे, छकुलीच्या आजीकडे, वळल्या.

“आजी, तेल लावलंत?”

“बोटभरच. रोजच लावते.”

“नको म्हणाले होते ना मी?”

“म्हणाला होतात खरं. मला वाटलं, एवढ्याशा तेलाने मशीनला काय धाड भरतेय!” आजींचा आवाज बारीक झाला. “अहो, मानेच्या वरच काय ते कळतं तिला. दुसरीकडे कुठे हात फिरवू मी?”

ताईंनी कोमट पाणी आणलं आणि खुर्चीतच तिचे केस धुतले, पुसले, वाळवले. आजींनी तेलाची बाटली पिशवीत पार तळाशी ढकलली.

मग दिवे हिरवे झाले आणि मला ऐकू आलं! किती लख्ख होती ती लहर! ती रोजच उठत असणार. बहिरी मीच झाले होते.

छकुलीने आपलं बोट मोजा चढवलेल्या आईच्या तळव्यावर ठेवलं.

“मिटा,” ताई म्हणाल्या.

मोजा मिटला.

“आई, सोड ना!” छकुली ओरडली. “आई, सोड की आता!”

“थांब गं,” तिची आई रडत रडत हसली, “सोडायचं अजून शिकायचंय मला.”

आता माझं कापड सैल पडलंय. नवी टोपी आली आहे आणि मी खणात असते. खणाच्या फटीतून तेलाचा वास येतो. चाचणी संपली, की आजी खुशाल चंपी करतात.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी कुणीतरी असंच अंथरुणाला खिळलेलं असेल. “त्यांना काही कळत नाही,” असं मोठी माणसं म्हणत असतील. आज एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसाल? काहीतरी विचारा आणि जरा थांबा. उत्तर आलं नाही, तरी लगेच उठू नका. कदाचित ते केव्हाचं देऊन झालं असेल.