भोंग्याच्या पाठीवरचे पुडके

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. माझा मालक गुणवंता सौंसरच्या बाजारात मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देत असे. प्रत्येक लग्नाआधी तो मला मऊ फडक्याने पुसायचा. माझा आवाज पार रामाकोना गावापर्यंत जातो, असे लोक म्हणत. ते ऐकून मी फुलून जायचो.

पुढे एका लग्नात व्याह्याव्याह्यांचे भांडण पेटले आणि कोणीतरी मलाच उचलून नवरदेवाच्या मामाच्या डोक्यात घातले. पोलिसांनी मला पुरावा म्हणून जप्त केले. तेव्हापासून ठाण्याच्या मालखान्यात, जप्तीचा माल ठेवायच्या खोलीत, मी तोंड खाली, पाठ वर असा पडून राहिलो. कोळ्यांनी माझ्यात घर केले. मला कोणी विचारीना.

१९८८ साली तिथे एक संगणक आला, पांढुर्ण्याकडच्या एका जिनिंग कारखान्यातून जप्त केलेला. त्यातली कापसाची वजने बदलल्याचा आळ तिथे काम करणाऱ्या वंदनावर होता. खरी वजने आपण रोज फ्लॉप्यांवर उतरवून ठेवली आहेत, त्या उघडून पाहा, असे ती सांगत होती.

त्या पाहुण्याचा थाट काय सांगू! अंगावर नवी चादर, तिच्यावर लाखेचे सील, शेजारी उंदरांसाठी पिंजरा. शिपाई दारातून डोकावून त्याला पाहत. मी जळून खाक झालो. ना त्याला गळा, ना गाणे; मग कौतुक कशाचे?

मालखान्याचे मुंशी यशवंतराव यांनी त्याच्या फ्लॉप्या कापडात शिवल्या, पुडके सील केले आणि वाळवी लागू नये म्हणून माझ्या पाठीवर ठेवले. मला बरे वाटले. त्याचा जीव आता माझ्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटलेली वंदना सही करायला ठाण्यात आली. मुंशी आपले दाभण शोधत होते. ते माझ्या पाठीला चिकटलेले तिला दारातून दिसले आणि तिचा चेहरा उतरला.

“काकाजी, भोंग्यात लोहचुंबक हाय. फ्लॉप्यांतलं सारं पुसून जाईन. ते पुडकं उचला.”

“तू मले शिकवून राहिली का? आरोपीच्या सांगण्यावरून माल हलवला, तर उद्या तूच म्हणशीन, मुंशीनं बदलला.”

ज्या चुंबकाने मला आवाज दिला, तोच या पाहुण्याला मुका करणार! मी मनात हसलो.

“मंग पंच बोलवा,” ती हळूच म्हणाली. “पण आत्ताच. माझ्याजवळ दुसरं काईच नाही.”

मी मोठ्या आवाजांत वाढलो होतो. इतका लहान आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझे हसू जिरले.

यशवंतराव घुटमळले. मग त्यांनी समोरच्या चहावाल्या शकुबाईला आणि माझ्या सुटकेची चौकशी करायला आलेल्या गुणवंताला पंच म्हणून बसवले. शकुबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आजवर यानं आमचे कानच फोडले होते, बाप्पा.” सील तपासून पंचनामा झाला आणि पुडके लाकडी कपाटात गेले.

पुढे नागपूरच्या जाणकारांनी फ्लॉप्या उघडल्या. माझ्या पाठीला टेकलेली सगळ्यात खालची कोरी निघाली. वरच्यांतली वजने शाबूत होती. वंदनावरचा आळ गेला.

मित्रांनो, जप्त केलेली वस्तू नुसती कुलपात ठेवून भागत नाही. तिच्या शेजारी काय आहे, तेही पाहावे लागते, कारण तिच्यात कोणाचे तरी खरे असते. ती कोरी फ्लॉपी मला अजून आठवते.

संगणकाचा हेवा मात्र गेला नाही. त्याच्यासाठी सारे ठाणे धावले. माझ्याकडे एकटा गुणवंता आला. त्या दिवशी पंचनाम्यावर सही करून त्याने खांद्यावरचे फडके काढले आणि माझ्यातली जाळी पुसली.