शिलाईपुरती जागा

मास्तरांची बाही नकाशावरून फिरली आणि तळघराची मागची भिंत पुसली गेली.

ते नुसते कात्री घ्यायला वाकले होते. कात्री टेबलापलीकडच्या खिळ्याला होती. वळसा घालून गेले असते तर काही बिघडलं नसतं, पण गुडघे सकाळपासून कुरकुरत होते म्हणून त्यांनी उभ्याउभ्याच हात लांब केला. हात मागे आला तेव्हा बाहीला पांढरी भुकटी लागली होती, आणि निळ्या कापडावर जिथे बायकोने खडूने काढलेली भिंत होती तिथे नुसता धुरकट पट्टा उरला होता.

मास्तरांनी बाही झटकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग दोन घड्या घालून ती बाही कोपरापर्यंत वर सारली.

"आज नेमकं," ते म्हणाले.

ऐकायला शिलाईच्या दुकानात कोणी नव्हतं. सुट्टीचा दिवस होता, शटर अर्धं खाली होतं. थोड्या वेळाने तिघं येणार होते, आपापली माणसं घेऊन जायला.

ही माणसं बोटाच्या पेराएवढी होती. तारेचा सांगाडा, त्यावर चिंध्या आणि खळ, वर रंग, आणि उभं राहायला पायाखाली कोटाचं बटण. बायकोने ती स्वतः केली होती. सुट्टीच्या दुपारी कापायचं टेबल रिकामं असायचं, तेव्हा त्यावर यांचा गोष्टीचा खेळ चालायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. गोष्ट मास्तरांची बायको सांगायची. समोर नदी आहे, पूल मोडलाय, काय करता? मग ज्याने त्याने आपलं डोकं चालवायचं, फासा टाकायचा, आणि फासा म्हणेल तसं पुढे घडायचं.

सुरुवातीला नकाशा नव्हता. सगळं तोंडीच होतं, त्यामुळे भांडणं व्हायची. खेळायला येणारा पोस्टमन म्हणायचा, मी दारात उभा होतो. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, तुम्ही पुलावर होतात आणि पुलावरच्याला राक्षसाने केव्हाच खाल्लंय. एकदा तर या राक्षसापायी दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. तेव्हा बायको मास्तरांच्या मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"अहो, ते तुमच्या कोटाचं निळं कापड नुसतं पडून आहे ना?"

"पडून नाही. शिवायचंय."

"कधीपासून शिवायचंय?"

कापड टेबलावर गेलं. चौकोन मास्तरांनीच पट्टी लावून आखून दिले, इंचाला इंच. आत खोल्या, जिने, विहिरी तिने शिंप्याच्या खडूने काढल्या. कोण कुठे आहे ते डोळ्यांना दिसलं की भांडण उरत नाही, असं ती म्हणायची, आणि खरंच उरलं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, मास्तर, स्वतःला एखादा कोट का शिवत नाही? मास्तर सांगायचे, माझ्या कोटात राक्षस राहतात.

ते स्वतः कधी खेळले नाहीत. मशीन भिंतीकडे तोंड करून होतं. टेबलाकडे पाठ करून ते शिवत बसायचे आणि मागे चाललेलं ऐकायचे. कोणी हरलं की त्यांचं मशीन थोडा वेळ थांबायचं, एवढंच.

आता नकाशावर राणीचं तळघर होतं. गावाची चोरलेली घंटा शोधत तिघं तिथवर पोचले होते. शेवटचं दार समोर होतं. ते उघडायचं पुढच्या सुट्टीला, असं ठरवून सगळे उठले होते. पुढच्या सुट्टीला मास्तरांची बायको दवाखान्यात होती, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीला नव्हतीच.

दारामागे काय आहे ते तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ती सगळं डोक्यात ठेवायची.

तेव्हापासून मास्तरांनी टेबलाला हात लावला नव्हता. कापड ते जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून कापत. खडू उडू नये म्हणून पंखाही लावत नसत. परवा मेहुणी अचानक आली तेव्हा ते एका लग्नाच्या सुटाच्या पाठीवर ओणवे होते. रात्री तिचा फोन आला.

"भाऊजी, आम्ही आपापले पुतळे घेऊन जातो. तुमचं टेबल अडकून पडलंय."

राहू दे, असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण मोठ्या माणसांना खेळ राहू द्या म्हणून कसं सांगायचं ते त्यांना सुचलं नाही.

"या की," ते म्हणाले होते.

आता त्यांनी खिशातून खडू काढला, त्याची धार कात्रीच्या पात्यावर साफ केली आणि धुरकट पट्ट्यावर रेघ ओढली. रेघ सरळ आली, रेघेत ते कधी चुकत नसत. लांबून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. कोणाला कळणार नाही असं त्यांना वाटलं.

तिघं एकदमच आले. मेहुणी पुढे, तिच्या मागे वाकून शटरखालून पोस्टमन, शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाई. प्रत्येकाच्या हातात डबा होता. पोस्टमनने चष्म्याचं घर आणलं होतं, मेहुणीने औषधाच्या दुकानातलं खोकं. डॉक्टरीणबाईंच्या डब्यात कापूस अंथरला होता.

"चैन आहे तुमच्या भालेवालीची," पोस्टमन डब्यात डोकावत म्हणाला. "कापसाची गादी."

"तुमच्या चोराला घ्या की उसनी."

"चोर आहे तो. त्याला गादीवर झोप येणार नाही."

हसणं लगेच विरलं. मेहुणीने पदराने मान पुसली.

"पंखा बिघडलाय का, भाऊजी?"

"नाही."

तिने वर पंख्याकडे बघितलं, मग नकाशाकडे.

सगळे टेबलाभोवती आपापल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. टोकाचं स्टूल रिकामं होतं, त्यावर कोणी हातसुद्धा टेकला नाही. दारासमोरच्या चौकोनांत तिन्ही पुतळे होते. पोस्टमनचा चोर, डॉक्टरीणबाईंची भालेवाली, मेहुणीचा आंधळा वैद्य. त्यांच्या मागे, शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून घालतात ते, एक अंगुस्तान पालथं घातलेलं होतं.

हाही तिचाच नियम होता. एखाद्या दुपारी कोणी येऊ शकला नाही तर त्याच्या पुतळ्यावर मास्तरांचं अंगुस्तान घालायचं. म्हणजे तो झोपलाय. झोपलेल्याला कोणी मारायचं नाही, आणि बाकीचे पुढे निघाले तर त्याला मागे सोडायचं नाही. अंगुस्तानासकट सरकवत न्यायचं. त्या दुपारी मास्तर उघड्या बोटाने शिवायचे आणि सुई टोचली की पोस्टमनला ऐकू जाईल अशा बेताने कण्हायचे.

आताच्या अंगुस्तानाखाली वाटाडी होती. काठी टेकत सगळ्यांच्या मागून चालणारी म्हातारी. गोष्ट सांगणारीलाही नकाशावर पाय ठेवायला जागा हवी म्हणून तिने ती स्वतःसाठी केली होती. दवाखान्यातून एकटे परत आले त्या दिवशी मास्तरांनी बोटातलं अंगुस्तान काढून तिच्यावर घातलं होतं.

"घ्यायचे ना मग?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

कोणी हात पुढे केला नाही. मास्तर मशीनपाशी गेले आणि नसलेला दोरा ओवू लागले.

शेवटी पोस्टमनने चोराला दोन बोटांत धरलं. धरलं, पण उचललं नाही. तो वाकून बघत होता.

"मास्तर, ही गल्ली कुठून आली?"

"कुठली गल्ली?"

"ही काय, मागच्या भिंतीपाशी. भिंत एक होती, आता दोन आहेत. मध्ये बोळ आहे." तो अजून खाली वाकला. "दुसऱ्या कशाचं म्हणाल तर मी गप्प बसेन. गल्ल्यांच्या बाबतीत माझी चूक व्हायची नाही."

मास्तर उठून आले. बघितलं. भिंतीची रेघ होती, आणि तिच्या बाहेर, अर्ध्या इंचावर, तिला समांतर दुसरी रेघ होती. दारापासून ते कोपऱ्यापर्यंत. दुसरी कधी ओढली ते त्यांना आठवेना. पहिली ओढली की हात आपणहून दुसरीकडे जातो, इतकी वर्षं तसाच जात आला होता.

"पुसली गेली होती," ते म्हणाले. "सकाळी बाही लागली. मी परत काढली."

मेहुणी त्यांच्याकडे बघत राहिली.

"ताईची रेघ?"

"हो."

तिने तोंड फिरवलं आणि भिंतीवर टांगलेल्या अर्धवट कोटांकडे बघत उभी राहिली. पोस्टमनने चोराला सोडलं. मास्तरांनी बाहीची घडी उलगडली. आतली भुकटी अजून तशीच होती. त्यांनी ती मेहुणीला दाखवली, लहान मूल लागलेलं दाखवतं तशी.

"झटकली नाही मी," ते म्हणाले.

मेहुणीने बाहीकडे बघितलं. मग तिने स्वतःच ती घडी पुन्हा नीट घातली, भुकटी आत राहील अशी.

"पण दोन का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "भिंत एकच होती ना?"

"आतल्या रेघेवर शिवायचं. बाहेरच्या रेघेवर कापायचं," मास्तर म्हणाले. "मध्ये शिलाईपुरती जागा सोडतात. ते कापड आत दुमडलेलं राहतं, बाहेरून दिसत नाही. पुढे माणूस भरला तर उसवून सैल करता येतं. रेघेवरच कापलं की मग काहीच करता येत नाही."

"तळघराला?"

"हाताला काय कळतंय तळघर."

आधी मेहुणीच हसली. नाक ओढत, पदर तोंडावर धरून. "ताई म्हणायची, यांना पोळी लाटायला दिली तरी कडेने जागा सोडतील."

"सोडली होती एकदा," मास्तर म्हणाले.

पोस्टमनचं लक्ष मात्र बोळात होतं. त्याने बोट बोळावरून, कापडाला न लावता, फिरवलं. बोळ चोराच्या पायापासून निघत होता आणि दाराला बगल देऊन मागे जात होता.

"म्हणजे दार उघडायलाच पाहिजे असं नाही," तो म्हणाला.

दार तिचं होतं. त्याच्या मागे काय आहे ते तिने ठरवलं होतं, आणि इतक्या दिवसांत तिघांतल्या कोणालाही ते आपल्या मनाने उघडावंसं वाटलं नव्हतं.

"राहू दे ते बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मास्तर, बोळात काय आहे?" पोस्टमनने विचारलं.

"मला काय माहीत?"

"काढलात तुम्ही. मग दुसऱ्या कोणाला विचारू?"

मास्तरांनी टोकाच्या स्टुलाकडे बघितलं. बसले नाहीत, पण त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खडू बोटांत फिरवत राहिले.

"अरुंद आहे," ते म्हणाले. "एकामागे एक जावं लागेल. अंग चोरून."

"उजेड?"

"पुढच्याला थोडा. मागच्याने पुढच्याचा सदरा धरायचा."

"आणि भिंती?" मेहुणी म्हणाली. तिच्या वैद्याला दिसत नसे. तिला नेहमी हाताला काय लागतं ते सांगावं लागे. "भिंतीला हात लावला तर?"

मास्तर थांबले. डोळे मिटून त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला.

"टाके लागतात," ते म्हणाले. "कच्चे. लांब लांब घातलेले. कोणीतरी आधी येऊन घालून गेलंय. ओढले तर निघतील."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"पलीकडचं अजून कापलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून फासा काढला. आज फक्त न्यायला यायचं होतं, तरी फासा त्यांच्या पिशवीत होता. तो टेबलावर गडगडला, बोळाच्या तोंडाशी थांबला. चार पडले. मास्तरांनी बराच विचार केला.

"चालतंय," ते म्हणाले.

चोर बोळात शिरला. त्याच्या मागे भालेवाली, मग वैद्य. बोळ इतका अरुंद होता की बटणं दोन्ही रेघांवर चढली, पण कोणी तक्रार केली नाही. मग तिघांचे हात मागे आले. मास्तरांनी अंगुस्तानावर बोट ठेवलं आणि, रेघ पुसणार नाही असं जपून, ते सरकवत नेलं. एका चौकोनातून दुसऱ्यात, तिथून बोळाच्या तोंडाशी, वैद्याच्या पाठीला लागेपर्यंत.

"पुढचं पुढच्या सुट्टीला," पोस्टमन म्हणाला. हे नेहमी तीच म्हणायची.

"टेबलाचं काय पण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "हे असे जमिनीवर कापत राहिले तर गुडघे जातील यांचे."

"चार डब्यांवर फळी टाकतो," मास्तर म्हणाले. "वर कापेन. ही मंडळी खाली राहतील."

"म्हणजे डोक्यावर छप्पर आलं आमच्या," पोस्टमन म्हणाला. "भाडं घेऊ नका."

फळीला डब्यांची उंची पुरते का ते बघायला म्हणून चष्म्याचं घर, औषधाचं खोकं आणि कापसाचा डबा टेबलाच्या तीन कोपऱ्यांत ठेवून झाले. चौथ्याला मास्तरांनी बटणांचा डबा लावला.

पोस्टमन आणि डॉक्टरीणबाई शटरखालून बाहेर पडले. रस्त्यावर त्यांचं राक्षसावरून पुन्हा जुंपल्याचं आत ऐकू येत होतं. मेहुणी मागे रेंगाळली. मास्तर मशीनचं तोंड टेबलाकडे वळवत होते. मशीनचे पाय जमिनीवर खरवडत होते म्हणून तिने एका बाजूने हात लावला. तेव्हा तिला त्यांचं बोट दिसलं. पेरावर सुईच्या टोचांची नुसती जाळी झाली होती.

तिने बोटाकडे बघितलं, मग बोळाच्या तोंडाशी पालथ्या पडलेल्या अंगुस्तानाकडे. ते उचलून द्यावं म्हणून तिचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"भाऊजी," ती म्हणाली, "दुसरं अंगुस्तान घ्या आता."

मास्तरांनी मशीन जमिनीवर नीट टेकवलं.

"घेतो," ते म्हणाले.