उजव्या हाताचं माप

बटणाखालची रबराची टिकली इतकी बारीक, की चिमट्यातून सुटली तर दिवसभर शोधत बसावं... अक्षदाने श्वास रोखून ती जागेवर टेकवली आणि मगच दाराकडे पाहिलं. तिचा धाकटा भाऊ अभिजीत अजून आंघोळ करून यायचा होता. बरंच झालं. तो समोर असला की तिचं लक्ष कामावर ठरत नसे.

उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असली कामं ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारत उरकायची. पण अभिजीतचा हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल तिने कितीदा उघडला नि मिटला — उजवीकडची बटणं काढून मागच्या बाजूला आणायची, केसासारख्या तारा आतून फिरवायच्या, एक जोडावी तर दुसरी निसटायची, सगळे रविवार त्यात गेले, मान आखडली, आई म्हणाली, "नवा आण की एखादा." कुठला आणायचा? अंबरनाथच्या कारखान्यात प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेलेल्या माणसासाठी कोणी कन्सोल बनवतं का... आणि अपघातानंतर त्याने तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट. "ताय, मला खेळता येईल असं कायतरी कर ना."

आज जमायलाच हवं होतं. नाही जमलं तर तो चिडणार नाही, नुसतं "जाऊ दे" म्हणेल, आणि परत कधी काही मागणार नाही — तिला धास्ती होती ती त्याची.

तो आला. उजव्या हातावर नेहमीसारखा रुमाल. कन्सोलच्या पाठीला तिने एम-सीलची मूठ घडवून बसवली होती. त्याने ती धरली, सोडली, पुन्हा धरली. बटण दाबायला गेला की अख्खा कन्सोल हातात फिरायचा.

"माप कोणाचं घेतलंस?"

"तुझंच की."

"माझं कधी घेतलंस, ताय?"

कणकेच्या गोळ्यावर तिने स्वतःचीच मूठ उठवली होती, तीन बोटं आत दुमडून... पण दुमडलेली बोटं असतातच ना तळव्यात, आधार देत! एवढं साधं कळलं नाही? कळलं होतं. पण माप घ्यायचं म्हणजे तो हात हातात घ्यायचा, उजेडात धरायचा... पट्टी बदलायची वेळ झाली की ती इस्पितळातून चहा आणायला खाली जायची.

"तुला बघवत नाय, माहितेय मला," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर रुमाल टाकतो. मला काय, मला सवय झाली."

म्हणजे इतके दिवस तो तिला सांभाळत होता — आणि ती समजत होती, आपण त्याला. तिला लाज वाटली, रागही आला, कोणाचा ते कळेना.

"काढ तो," ती जवळजवळ ओरडलीच.

त्याने काढला. तिला वाटलं होतं, रडू फुटेल. ते आलं नाही. भीती मात्र होती तशीच होती, आणि त्या भीतीसकट तिने त्याच्या तळव्यावर बोट टेकवलं. हात ऊन होता, कोणाचाही असतो तसा. दुखतं का, एवढंच विचारायचं होतं... ते राहिलं, आणि तिने तो हात उजेडात धरून माप घ्यायला सुरुवात केली.