साहविऱ्याची नक्कल

माझा धाकटा भाऊ फारिराई रानरेड्याच्या शिंगांनी मेला, असं गावात म्हणतात. रेड्याचा काही दोष नाही. त्याच्या मागच्या पायात तारेचा फास रुतून हाडापर्यंत गेला होता, जखमेत किडे पडले होते. अशा जनावराला जो पहिला दिसेल तो त्याचा वैरी. फारिराईला मारलं ते ती तार लावणाऱ्यानं. मी त्या शिकाररानाचा मुख्य राखणदार. बावीस वर्षं चोर पकडण्यात घालवली, आणि माझ्याच हद्दीत माझाच भाऊ चोराच्या तारेपायी गेला. प्रेताशेजारी उभं राहून मी ठरवलं, या माणसाला शोधायचं आणि त्याच्याकडे सगळ्यात मोलाचं जे असेल ते काढून घ्यायचं.

प्रेत पहिल्यांदा मलाच दिसलं. कोरड्या ओढ्याच्या काठी, वारुळाजवळ. डाव्या पायात बूट नव्हता, तो हातभर अंतरावर नीट उभा ठेवलेला होता. पहाऱ्यावर बूट काढायचा नाही हा नियम मीच केलेला, आणि तो मोडणाऱ्याला मी सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचो. मालक कॉलिन्स आणि बाकीचे राखणदार पोहोचायच्या आत मी तो बूट फारिराईच्या पायात चढवला, नाडी बांधली. मेल्यावर तरी त्याला कुणी गाफील म्हणू नये. मी हे कुणालाही सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी माती दिली. आमच्या घराचा साहविरा, म्हणजे पिढीजात ठरलेला मित्र, झिवानाई. त्याच्या बापानं माझ्या आजाला पुरलं, त्यानं माझ्या बापाला. खड्डा साहविरा खणणार, प्रेत साहविरा उतरवणार, आणि लोक रडून थकले की मेलेल्याचे कपडे चढवून त्याची नक्कलही साहविराच करणार. तो काय वाटेल ते बोलला तरी रागवायचं नाही. माझ्या आईला झिवानाई तीस वर्षं ‘नवरी’ म्हणत आला होता, आणि ती त्याला चुलीतलं लाकूड फेकून मारत आली होती, तेही हसत.

त्या दिवशी तो फारिराईचा खाकी शर्ट घालून आला. मान पुढे काढून, ढांगा टाकत, हुबेहूब. बायका तोंडावर हात धरून हसायला लागल्या. फारिराईची बायको रविरो तीन दिवस पाणीसुद्धा प्यायली नव्हती, तिच्याही ओठांवर हसू उमटलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग झिवानाई पालथ्या घातलेल्या उखळीवर बसला, डावा बूट ओढून काढला, झटकला, आत डोळा लावून पाहिलं आणि फारिराईच्या आवाजात म्हणाला, “या रानात सिंह चावत नाही, खडा चावतो!” बूट त्यानं बाजूला ठेवला. नीट, उभा.

सगळं अंगण हसून लोळत होतं. मी हसायचा थांबलो. त्या बुटाबद्दल जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक मी आणि दुसरा समोरच्या पेटीत. मग या तिसऱ्याला कसं कळलं? त्यानं मुद्दाम केलं नसणार. नक्कल करायला उभा राहिला की पाहिलेलं सगळं त्याच्या अंगातून बाहेर पडायचं, ते लपवणं त्याला जमलंच नसतं. मी तिथं तोंड उघडलं नाही. आई हसत होती, आणि नुसत्या बुटावरून गाव साहविऱ्यावर विश्वास ठेवणार की माझ्यावर, हे मला कळत होतं.

त्या ओढ्याच्या पट्ट्यातली गस्त मी बंद केली. एकही तार काढू नका म्हणून सांगितलं. राखणदारांना वाटलं, भाऊ गेल्यामुळे माझ्यानं तिकडे जाववत नाही. मी रोज सकाळी एकटा जाऊन मोपानेच्या झुडपांच्या जाळीत बसायचो. दहाव्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, झिवानाई आला. फासात एक इम्पाला हरणी अडकून मेली होती. त्यानं ती सोडवली, खांद्यावर टाकली, आणि नवा फास बांधायला वाकला. मी बंदुकीचा घोडा ओढला, त्याला ऐकू जाईल असा.

“हात वर, झिवानाई.”

तो दचकला, पण क्षणभरच. “आई गं! मुख्य राखणदार स्वतः! अरे, हात वर करू कसे, खांद्यावर तुझं जेवण आहे.”

“खाली टाक ते. वारुळावर बस.”

“बसतो ना. लग्नाची बोलणी करायचीत का? तुझी आई तर कधीच हो म्हणालीय, तूच आडवा येतोस.”

“डावा बूट काढ.”

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. या माणसाला बोलायला शब्द नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

“काढ. मातीच्या दिवशी तू अर्धीच नक्कल केलीस. आता पुढची कर.”

“गुइन्याई, मी साहविरा आहे तुझा.”

“म्हणूनच अजून बोलतोयस. नाहीतर एव्हाना आडवा झाला असतास.”

त्यानं बूट काढला. मग हळूहळू सांगितलं. त्या सकाळी फारिराईनं त्याला चार तारांसकट पकडलं होतं. नियमाप्रमाणे त्याला माझ्याकडे आणायला हवं होतं. पण साहविऱ्याला कसं धरून न्यायचं? झिवानाईनं ओळखलं की पोरगा घुटमळतोय. त्यानं आपलं नेहमीचं काम सुरू केलं. इतकं हसवलं की फारिराई वारुळावर बसला, आणि बसलाच आहे तर म्हणून बुटातला खडा काढायला लागला. हसण्याच्या नादात दोघांनाही जाळी मोडल्याचा आवाज आला नाही.

“कशावर हसत होता एवढा?”

झिवानाईनं काढलेला बूट उलटा करून झटकला.

“कुणाची नक्कल चालली होती?”

“तुझी.”

“कर.”

“गुइन्याई, नको रे.”

“कर म्हणतो ना!”

तो उभा राहिला, एका पायात बूट, एक पाय अनवाणी. पोट आत ओढलं, हनुवटी वर केली, नसलेली बंदूक खांद्याला लावली. मग माझ्या आवाजात, माझ्यासारखा नाकातून श्वास ओढत म्हणाला, “होय मालक. नाही मालक. या रानातली मुंगीसुद्धा मला विचारल्याशिवाय हगत नाही मालक.” आणि मालकाच्या गाडीचं दार उघडायला धावतो तसा वाकून धावला. मी तसाच धावतो. ते मला तिथं कळलं.

“मग?”

“मग रेडा आला. मी झाडावर चढलो.”

“फारिराई लगेच गेला?”

“नाही. रेडा निघून गेला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. मी उतरलो आणि पळालो. मी पळालो तेव्हा तो हसला रे. त्याला वाटलं असणार, मी तुला बोलवायला चाललोय.”

“मी त्या दिवशी पाण्याच्या टाकीवर होतो. हाकेच्या अंतरावर. का नाही आलास?”

“आलो असतो तर तारा कुणाच्या, हे पहिलं विचारलं असतंस.”

बंदुकीच्या चापावर माझं बोट होतं. दाबलं असतं तर रानात कुणी विचारणारा नव्हता. मालकानं उलट पाठ थोपटली असती. पण मेलेल्या माणसाला काय भोगायचं असतं? पोलिसांत दिलं असतं तर तिथं महिनाभर हवालदारांना हसवत बसला असता आणि जाडजूड होऊन परत आला असता. त्याच्याकडे ना गुरं होती, ना नीट घर. त्याच्याकडे मोलाचं एकच होतं. तो उभा राहिला की लोक हसायचे.

“जा घरी,” मी म्हणालो.

“मारणार नाहीस?”

“नाही. तुझ्यावर आता कुणी हसणार नाही, झिवानाई. जा.”

त्याला वाटलं मी वेड्यासारखं बोलतोय. लंगडत गेला, बूट हातात घेऊन.

त्याच संध्याकाळपासून मी गावातल्या प्रत्येक चुलीपाशी जाऊन बसलो. चौदा घरं. सगळं सांगितलं, वगळलं एवढंच की नक्कल माझी होती. लोक हळहळले, काहींनी शिव्या घातल्या. पण मी गावाला ओळखतो. चार दिवसांत त्यांनी त्याला माफ केलं असतं, कारण त्याच्याशिवाय गावात करमतच नाही. म्हणून मी उठताना आणखी एक वाक्य बोलायचो. परदेशी पाहुणे आमच्या रानात शिकार करतात, शिंगं आणि कातडं घेऊन जातात, मांस गावाला मिळतं. ते वाटतो मी. “जो झिवानाईवर हसेल,” मी सांगायचो, “त्याच्या घरी हाडसुद्धा येणार नाही.”

मी खरंच बंद केलं. पहिल्याच महिन्यात मुशोरे नावाचा लोहार दारूच्या अंगणात झिवानाईच्या एका थट्टेवर खिदळला. पुढच्या दोन जनावरांतलं काहीही त्याच्या दारात गेलं नाही, त्याच्या बायकोनं पाया पडूनही नाही. त्यानंतर सगळे शहाणे झाले. झिवानाई एखाद्या घोळक्यात आला, काही बोलला, की लोक साद्झ्याच्या, मक्याच्या घट्ट लापशीच्या, परातीकडे बघत बसायचे. कुणी त्याला हाकलत नव्हतं, जेवायलाही देत होते. तो आणखी जोरात नकला करायचा, कोंबडीची, सरपंचाची, पाद्र्याची. शांतता. एकदा बाजारात मी त्याला दगडावर एकटाच बसलेला पाहिला. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. पावसाळ्यापर्यंत त्याची मान खाली गेली. मी रोज वाट वाकडी करून त्याच्या झोपडीवरून जायचो, ती मान बघायला. रात्री मला शांत झोप लागायची.

आईला मात्र मी हे केलेलं आवडलं नाही. “फारिराई माझ्या पोटचा,” ती म्हणायची, “मी झिवानाईला शिव्या देईन, थुंकेन त्याच्यावर. पण तू हे जे चालवलंयस ना, ते कुणासाठी चालवलंयस?” मी बंदूक उचलून गस्तीला निघायचो. थंडीच्या शेवटी ती अंथरुणाला खिळली. जायच्या दोन दिवस आधी तिनं मला जवळ बोलावलं. “मला झिवानाईनंच उतरवायचं. आणि लोकांना हसू द्यायचं. शंभर माणसं मुक्यानं उभी, अशी मी जाणार नाही. ऐकलंस?” मी मान डोलावली. मरणाऱ्या बाईला काय सांगायचं?

खड्डा झिवानाईनंच खणला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण साहविऱ्याला बोलवावं लागत नाही. पेटी खाली गेली, रडणं ओसरलं. मग तो आईचा निळा रुमाल डोक्याला बांधून, तिची काठी घेऊन अंगणात आला. ज्याच्यावर वर्षभर कुणी हसलं नव्हतं असा माणूस. घसा खाकरला. आणि आई चालायला लागली. तीच, कमरेवर एक हात, दर तीन पावलांनी थांबून कुणाला तरी शिव्या देणारी. तो एका उंच खांबासमोर थांबला, काठी उगारली. “गुइन्या! मालकाचं दार उघडायला पळतोस तसा कधी आईला पाणी द्यायला पळ की रे!” मग टुणकन दुसऱ्या बाजूला उडी मारून तो मी झाला. पोट आत, हनुवटी वर. “होय आई. नाही आई. मुंगीला विचारून सांगतो आई.”

सगळ्यांचे गाल फुगले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याही पोटातून हसू वर येत होतं, ते इतकं खरं होतं. मी दात आवळले. अंगणात माणूस हलला नाही. झिवानाई काठी धरून मध्येच उभा, घाम गळतोय, रुमाल कपाळावर घसरलेला.

आणि एक हसणं फुटलं. मोठ्यानं, कोंडून ठेवलेलं, रडण्यासारखं. रविरो होती, फारिराईची विधवा. जिच्यासाठी मी हे सगळं केलं असं मी स्वतःला सांगत आलो होतो, तीच. पोट धरून ती जमिनीवर बसली.

“रविरो,” मी म्हणालो, “या माणसानं तुझ्या नवऱ्याला मरताना टाकलं.”

“ठाऊक आहे भाऊजी,” डोळे पुसत ती म्हणाली. “रोज ठाऊक असतं. पण फारिराई रात्री जेवताना तुमची हीच नक्कल करायचा. हेच, हनुवटी अशी वर करून. वर्ष झालं मला ते बघायला मिळून.” मग झिवानाईकडे वळून ओरडली, “मेल्या, थांबलास का? पुन्हा कर!”

त्यानं पुन्हा केली. आधी मुशोरे लोहार हसला, मग त्याची बायको, मग सगळं अंगण. माझी आई त्या हसण्यात मातीआड गेली, तिला हवं होतं तसंच. मी एकटा तोंड मिटून उभा होतो.

पुढच्या आठवड्यात पाहुण्यानं एक थोराड रेडा पाडला. गावातून बायका टोपल्या घेऊन आल्या, नेहमीच्या ओळीत. आता चौदाही घरं हसलेली होती. सगळ्यांचं तोडणं मला शक्य नव्हतं, मालकानं कारण विचारलं असतं. मी तेरा घरांना मांस दिलं. रविरो शेवटी उभी होती, कडेवर फारिराईचं धाकटं पोर. मी सुरा पुसला आणि म्हणालो, “संपलं.”

माझ्या मागे फांदीवर एक अख्खी मांडी लटकत होती. तिनं ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि रिकामी टोपली डोक्यावर ठेवून ती निघून गेली.